नाचाचं वय

शंकेखोर : परवा भाचीच्या भरतनाट्यमच्या अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या स्वतंत्र कार्यक्रमाला, गेलो होतो. पडदा उघडण्याआधी निवेदिकेने सांगितलं की ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य घेतलं, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय, अथर्ववेदातून रस, आणि त्याचा पाचवा वेद करून भरतमुनींच्या हाती दिला. मग ‘भ’ म्हणजे भाव, ‘र’ म्हणजे राग, ‘त’ म्हणजे ताल. मग ‘दोन हजार वर्षांची अखंड परंपरा’. टाळ्या. टाळ्यांना माझी हरकत नाही, पोरीने सात वर्षं घाम गाळला आहे. पण त्यानंतर ती नाचली काय? अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, मध्यंतरात बटाटेवडे, मग पदम्, जावळी आणि शेवटी तिल्लाना. हा क्रम कुणी लावला ते आपल्याला चक्क नावानिशी ठाऊक आहे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु. तंजावूरचे चार सख्खे भाऊ, मुत्तुस्वामी दीक्षितांचे शिष्य, आणि त्यांचे आश्रयदाते दुसरे सरफोजीराजे भोसले, कारकीर्द १७९८ ते १८३२. म्हणजे इकडे शनिवारवाड्यावरचं निशाण उतरलं त्याच सुमाराला तिकडे ही मैफल बांधली जात होती. त्यातला तिल्लाना उत्तरेतल्या तराण्याचा भाऊबंद. जुन्या शब्दम्‌च्या शेवटी ‘सलामु’ येतो, समोर बसलेल्या राजाला सलाम. भरतमुनींनी सलाम कुठून आणला असता? मला वाटतं, या नृत्याचं वय दोनशे वर्षं आहे, आणि ते सांगायला लाज वाटायचं काही कारण नाही.

नृत्यांगना : लाज मला दोनशेचीही नाही आणि दोन हजारांचीही नाही. पण तुम्ही वय मोजताय ते कार्यक्रमपत्रिकेचं. त्या भावांनी पंगतीतला वाढप ठरवला, धान्य पेरलं नाही. अलारिप्पूत मुलगी काय करते ते आठवा. डोळे, मान, खांदे, हात असं एकेक अंग उमलत जातं, सूर जवळपास नसतोच, नुसते बोल. आणि पाय? गुडघे बाहेर वळवून, अर्धं बसून, पाठ सरळ. त्याला आम्ही अरमंडी म्हणतो. लहान मुली पहिलं वर्षभर याच एका गोष्टीवरून रडतात, कारण शरीराला ती मुळीच सोयीची नाही. नाट्यशास्त्रात उभं राहण्याची जी स्थानं सांगितली आहेत त्यांत मंडल नावाचं एक आहे, मांड्या-गुडघे वाकवून पावलं बाहेर वळवलेलं. हातांचं बघा. भरताने एका हाताच्या चोवीस मुद्रा सांगितल्या, नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणात त्या अठ्ठावीस आहेत, आणि पताक, त्रिपताक, कर्तरीमुख ही नावं दोन्हीकडे तीच. देवगिरीला सिंघण यादवाच्या आश्रयाने शारंगदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला, त्याचा सातवा अध्याय सबंध नर्तनाचा. तंजावूरच्याच तुळजाराजांच्या संगीतसारामृतात अडवूंची वर्णनं आहेत, ती या चार भावांच्या किती तरी आधीची. अडवू म्हणजे आमचं मुळाक्षर, पाय, हात आणि नजर मिळून होणारा एक घटक. तट्टडवु, नाट्टडवु, मग पुढचे. ते तिश्र, चतुरश्र, खंड, मिश्र, संकीर्ण म्हणजे तीन, चार, पाच, सात, नऊ अशा मात्रांच्या जातींत बसवायचे. ही अक्षरं जुनी आणि त्यांत लिहिलेलं पुस्तक नवं, एवढं तरी मान्य कराल? २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण गाथासप्तशतीपर्यंत मागे गेलोच की! तेव्हा तुम्ही म्हणालात का, की आजची मराठी छापखान्यानंतरची आहे, म्हणून तिचं वय दोनशे?

शंकेखोर : पेढे खाल्ले मीही. पण तुमचा दाखला तुमच्यावरच उलटतो. अभिजात दर्जा मागायला काही कारण होतं, दर्जा मिळाला की काही पदरात पडतं. वय मोजणारा कधीच निव्वळ कुतूहलाने मोजत नाही. मग या नृत्याचं वय दोन हजार आहे असं सांगायची गरज नेमकी कुणाला आणि कधी पडली? १९३०च्या दशकापर्यंत तमिळ मुलखात याला सदिर म्हणत, दासी आट्टम म्हणत, चिन्न मेळम म्हणत. ‘सदिर’ हा आपल्या सदरेवरून गेलेला शब्द आहे असं काही जण मानतात. ऐकून मराठी माणसाला गुदगुल्या होतात, म्हणून मी तो पुरावा म्हणून वापरणार नाही. नाचणाऱ्या होत्या देवदासी, शिकवणारे त्यांच्याच जातगोतातले नट्टुवनार. १८९०च्या दशकापासून मद्रासेत नाचबंदीची चळवळ पेटली. १९२७ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींनी मद्रासच्या कायदेमंडळात देवदासी अर्पणाविरुद्ध ठराव आणला. दुसऱ्या बाजूला ई. कृष्ण अय्यर नावाचे वकील, जे स्वतः स्त्रीवेष घेऊन नाचत, कला वाचवा म्हणून उभे राहिले. १९३१ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने कल्याणी नावाच्या कलावतीच्या मुलींचं नृत्य ठेवलं. पुढच्या एक-दोन वर्षांतच तिथे ठरलं की सदिर म्हणायचं नाही, भरतनाट्यम् म्हणायचं. १९३५ मध्ये अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत रुक्मिणीदेवी अरुंडेल पहिल्यांदा नाचल्या, १९३६ मध्ये त्यांची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी राहिली. आणि १९४७ मध्ये कायदा झाला, तो अर्पण थांबवून थांबला नाही. देवदासींनी देवळात नाचणंच त्याने गुन्हा ठरवलं. म्हणजे ज्यांच्या अंगात ते होतं त्यांच्यावर बंदी, आणि त्याच सुमाराला मैलापूरच्या सोवळ्या घरांतल्या मुलींचं अरंगेत्रम. मधला सांधा लपवायला भरतमुनी फार सोयीचे. नाट्यशास्त्राची पोथी छापून सगळ्यांच्या हाती पडली ती १८९४ मध्ये, तीसुद्धा आपल्या मुंबईत, निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमालेत. त्याआधी तंजावूरच्या गल्लीतल्या कोणत्या बाईने ती वाचली होती?

नृत्यांगना : एकीनेही नाही, असंच समजू. पण आईची भाकरी शिकायला पाकशास्त्र वाचावं लागत नाही. ‘मधला सांधा’ एवढा सरळ नव्हता हो. मुथुलक्ष्मी रेड्डी कोण होत्या? त्यांची आई चंद्रम्माळ त्याच समाजातली होती. बाहेरून आलेल्या सोवळ्या बाईंनी वरून हुकूम सोडला, असं ते चित्र नाही. घरातल्या मुलीनेच दार लावून घेतलं, कारण आत काय चालतं ते तिने पाहिलं होतं. आपल्या गोव्यात काय झालं? कलावंतांच्या घरांतल्या लोकांनीच अर्पणाविरुद्ध कंबर कसली, गोमंतक मराठा समाज हे नाव घेतलं. मोगूबाई, केसरबाई त्याच घरांतून आल्या. त्यांचं गाणं मैफलीत आलं आणि मागचं घर बंद झालं, तेव्हा आपण हळहळलो का? तमिळनाडूत त्या समाजाने इसै वेळाळर असं नाव घेतलं, इसै म्हणजे संगीत. नाव बदलावंसं वाटणं हा नेहमी ढोंगाचा पुरावा नसतो. आणि रुक्मिणीदेवी शिकल्या कुणाकडे? मैलापूर गौरी अम्माळ या देवदासीकडे, आणि पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळैंकडे, जे त्या चार भावांच्याच वंशातले. सांधा लपवलेला नाही, उघडा आहे. फक्त निवेदिका तिथे थांबत नाही.

शंकेखोर : थांबत नाही हाच तर मुद्दा आहे! आणि काय काय बदललं तेही ती सांगत नाही. पूर्वी मृदंगवाला मृदंग कमरेला बांधून नाचणारीच्या मागे उभा असे, नट्टुवनार झांजा घेऊन तिच्याबरोबर पुढे-मागे सरकत असे. ते सगळे एका कडेला, बैठकीवर गेले. रंगमंचावर नटराजाची मूर्ती आली. पंख्यासारख्या निऱ्यांचा शिवलेला पोशाख आला. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, शृंगार चाळणीतून गाळला गेला. क्षेत्रय्याची पदं घ्या, सतराव्या शतकातला तेलुगू कवी. त्याची नायिका पुष्कळदा गणिका असते, मुव्वगोपाळाशी, म्हणजे कृष्णाशी, ती रुसते, टोमणे मारते, पैशाचंही बोलते. आज हे सगळं एका वाक्यात आटोपतात, ‘जीवात्म्याची परमात्म्याकडे ओढ’. मी एक विचारतो, राग मानू नका. वर्तमानपत्र तुम्हाला ‘नृत्यांगना’ म्हणतं. उद्या कुणी ‘नाचणारी’ म्हटलं तर चालेल?

नृत्यांगना : नाही चालणार. खोटं कशाला बोलू. माझी आजी सरळ ‘नाच’ म्हणायची, ‘तुझा नाच किती वाजता संपतो गं’. घरात गंमत वाटायची, पाहुण्यांसमोर मात्र आई ‘नृत्य, नृत्य’ अशी दुरुस्ती करायची. दोन अक्षरांचंच अंतर, पण ते आमच्या घराने फार जपलं. आणि आता कबूलच करायचं तर पूर्ण करते. माझ्या क्लासात एका थोरल्या मुलीला मी एक पदम् शिकवत होते. नायिका पहाटे परतलेल्या त्याला दारातच अडवते, त्याच्या खांद्यावरची नखांची खूण बघते, आणि रागावण्याऐवजी हसते. ते हसणं जमलं की सगळं जमलं, असं ते पदम् आहे. मुलीला ते दोन महिन्यांत छान उमगलं. मग पालक भेटायला आले, चांगले लोक, आवाजही चढवला नाही. म्हणाले, ताई, आजी-आजोबा पुढच्या रांगेत असणार, त्याऐवजी यशोदेचं काही घेता येईल का? मी घेतलं. कृष्णाने माती खाल्ली, यशोदेने तोंड उघडायला लावलं, विश्व दिसलं, टाळ्या पडल्या. त्यामुळे गाळणी कुणी लावली याची यादी करताना १९३६ वर थांबू नका, माझं नावही घाला. पण गाळून काय होतं हे मला नाचून कळलेलं आहे, तुम्हाला वाचून. वर्णम् घ्या. पाऊण तासाचा असतो तो, सगळ्या कार्यक्रमाचा कणा. त्यात साहित्याच्या ओळी मोजक्याच. सखी, तो अजून आला नाही, जा, त्याला घेऊन ये, एवढाच मजकूर. तीच ओळ गायक पुन्हा पुन्हा घेतो आणि दर वेळी मला वेगळं काही दाखवायचं असतं, आम्ही त्याला संचारी म्हणतो. एकदा चंदन लावते आणि ते अंगाला भाजतं. एकदा पोपटाशी बोलते. एकदा नुसती दाराकडे बघते. आणि दोन ओळींच्या मध्ये जति येते, तीर्मानम् येतं, पाय जमिनीवर कोसळायला लागतात. मला कुणी विचारलं की हे पदन्यास मध्येच कशाला, कथा का थांबवता, तर मी सांगते की कथा थांबतच नाही. वाट बघणाऱ्या माणसाचं शरीर असंच असतं, क्षणभर मऊ आणि क्षणभर स्वतःवरच तुटून पडणारं. नृत्त म्हणजे नुसते पदन्यास आणि नृत्य म्हणजे अभिनय, असे दोन कप्पे पुस्तकात असतात. वर्णम्‌मध्ये ती एकाच तापाची दोन लक्षणं आहेत. शृंगार काढलात तर जति उरते, पण ती कवायत होते. म्हणून म्हणते, गाळणीला भोकं आहेत. परमात्मा म्हणा नाहीतर आणखी काही, अंगाला चंदन भाजतंच.

शंकेखोर : बालसरस्वती हेच म्हणत होत्या ना? वीणा धनम्माळची नात, जयम्माळची मुलगी, १९२५ मध्ये कांचीपुरमला वयाच्या सातव्या वर्षी अरंगेत्रम झालेली. गुरू कंदप्पा पिळ्ळै, तेही त्या भावांच्याच घराण्यातले. बालसरस्वतींचं म्हणणं होतं की शृंगाराला शुद्ध करायची गरज नाही, तो मुळात अशुद्ध नव्हताच. १९७५च्या एका अध्यक्षीय भाषणात त्यांनी हा मार्गम्, हाच अलारिप्पू ते तिल्लाना क्रम, देवळासारखा समजावून सांगितला. अलारिप्पू म्हणजे गोपुर, जतिस्वरम् अर्धमंडप, शब्दम् मंडप, वर्णम् म्हणजे आतला पवित्र भाग, आणि पदम् म्हणजे ढोल थांबल्यावरची शांतता. मी हे वाचलं तेव्हा आधी हसलो. राजाच्या दरबारात जुळवलेला क्रम, आणि ही बाई त्याला देऊळ म्हणते! मग हसू मावळलं. ज्यांना कायद्याने देवळात नाचायला बंदी केली त्यांच्यातलीच ही बाई. देऊळ गेलं, म्हणून तिने ते कार्यक्रमपत्रिकेत पुन्हा बांधलं. आता हा इतिहास म्हणून चूक आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

नृत्यांगना : मग तुमच्या दोनशे वर्षांचं काय झालं?

शंकेखोर : तेच सांगतो. मी मघाशी ‘चार भाऊ आणि सरफोजी’ असं मोठ्या ऐटीत सांगितलं. आता विचार केला तर माझी कथाही निवेदिकेच्याच जातीची निघाली. तिच्या कथेत ब्रह्मदेव आणि मुनी, माझ्या कथेत राजा आणि चार भाऊ. दोन्हीकडे देणारे पुरुष, दोन्हीकडे कागद. आणि माझ्या कथेला वरून मराठीपणाची फोडणी. तंजावूरच्या मोठ्या देवळाचा शिलालेख आहे, राजराज चोळाचा, देऊळ पुरं झालं १०१० मध्ये. वेगवेगळ्या देवळांतून आणलेल्या चारशे स्त्रियांची त्यात नोंद आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली ते गाव, तिला कोणत्या गल्लीत कितवं घर दिलं तो क्रमांक. पण त्या नाचायच्या काय, कशा, हे अक्षरानेही नाही. त्याच देवळाच्या विमानात, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरात, वरच्या मजल्यावर आतल्या भिंतीला करणांची शिल्पं कोरली आहेत, एकशे आठांपैकी एक्याऐंशी, पुढचे दगड कोरेच. शिल्पात नाचणारा आहे शिव. नावं असलेल्या बायकांचा नाच नाही, आणि नाच कोरला तो देवाचा. तुम्ही म्हणाल तर या एका देवळात आपला सगळा वाद मावतो.

नृत्यांगना : करणांबद्दल थोडं थांबवते. शिल्पातलं करण म्हणजे पोझ नव्हे. नाट्यशास्त्रात करण ही हालचाल आहे, हात आणि पाय एकत्र चालण्याची. कोरणाऱ्याने तिचा एक क्षण धरला. पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी आयुष्यभर तेच केलं, दोन क्षणांच्या मधलं हरवलेलं शोधलं. पण ते सापडलेलं किती आणि त्यांनी रचलेलं किती, हे त्यांच्या शरीराखेरीज कोण सांगणार? आणि हे नुसतं चोळांचं कोडं नाही. तुमच्या मराठी फोडणीचंही आहे. सरफोजीराजांच्या नावावर मराठीतली नृत्यासाठीची निरूपणं आहेत, तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली. एका निरूपणात एकच कथा, एकच राग, एकच ताल, आणि तुकडे कितीतरी, जय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना आणि पुढे आणखी. म्हणजे तुमचे चार भाऊ जो क्रम लावत होते त्याच दरबारात दुसराही एक क्रम होता, आपल्या भाषेतला. तो मेला आणि यांचा जगला. का? राजाने लिहिला होता, कागद उत्तम होता, ग्रंथालय उत्तम होतं. कमी एवढीच पडली की तो कुणाच्या घरात आईकडून मुलीकडे गेला नाही. पुढे मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी ती निरूपणं उघडली आणि नृत्यात बसवली, सुचेता भिडे-चापेकरांसारख्या त्यांच्या शिष्या ती नाचल्या. मराठी शब्दांवर भरतनाट्यम् पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण त्यांनी ती बसवली कशाच्या जोरावर? शिकलेल्या अडवूंच्या. आणि ते अडवू आले कुठून?

शंकेखोर : त्या घरांतून. म्हणजे मजकूर राजाचा आणि पाऊल देवदासीचं.

नृत्यांगना : असं म्हटलं की छान वाटतं, म्हणूनच मला त्याचीही शंका येते. मी देवदासीच्या घरात जन्मले नाही. तिच्या पावलावर माझा क्लास चालतो, मी मुलींना विशारदच्या परीक्षेला बसवते, तिथे तोंडी परीक्षेत मुद्रांचे श्लोक विचारतात आणि त्या बरोबर म्हणतात. सलामु असलेलं शब्दम् मी शिकवते आणि ‘सलामु’ला हात कपाळाकडे नेण्याऐवजी नमस्कार करायला शिकवते. मलाही तसंच शिकवलं होतं. परवा पहिल्यांदा वाटलं, हात कुठे जायला हवा होता?

शंकेखोर : न सुटणाऱ्या प्रश्नांवरून आठवलं, तमिळनाडूत अजून कुठे कुठे लावणी गातात, ठाऊक आहे? मराठ्यांबरोबर गेलेली, आता पूर्ण तमिळ. कामदहनाच्या सणाला दोन पक्ष समोरासमोर बसतात. एक म्हणतो काम जळाला, दुसरा म्हणतो जळाला नाही. रात्रभर सवाल-जवाब.

नृत्यांगना : निकाल?

शंकेखोर : पुढच्या वर्षी पुन्हा बसतात.

नृत्यांगना : मग एक काम करा. जूनमध्ये माझ्या त्या थोरल्या मुलीचं अरंगेत्रम आहे. निवेदन तुम्ही लिहा. तीन मिनिटं मिळतील, त्याहून जास्त झालं तर मृदंगवाले घड्याळ बघतात.

शंकेखोर : तीन मिनिटांत चारशे घरक्रमांक कसे सांगू? आणि ब्रह्मदेवाला वगळलं तर तुमचे पालक मला वगळतील.

नृत्यांगना : ब्रह्मदेव हवा तर ठेवा. मला एवढंच हवंय की शब्दम्‌च्या आधी दोन वाक्यं असावीत, हा सलाम कुणाला होता आणि करणारी कोण होती. मुलीला मी हात कपाळाकडे न्यायला सांगणार आहे. आणि ते पदम् पुन्हा कार्यक्रमात घेतलंय. आजी-आजोबांशी मी बोलले. आजी म्हणाल्या, नखांची खूण आम्हाला कळत नाही असं वाटलं की काय तुम्हाला?